वर्गातून विधिमंडळाकडे: आधी मतदार यादी, मग स्वेच्छानिवृत्ती

प्रश्न: मी पुण्यातल्या एका अनुदानित विधी महाविद्यालयात जून २००४ पासून पूर्णवेळ शिकवते. संविधान आणि निवडणूक कायदा हे माझे विषय. वय ४८. एका पक्षाच्या शहर पदाधिकाऱ्यांनी ‘मॅडम, तुम्ही या, पुढच्या विधानसभेला तुमचा विचार करू’ असं दोनदा सुचवलं आहे. सहकाऱ्यांपैकी काही म्हणतात, पदवीधर मतदारसंघ बरा. एकांचं म्हणणं, कायद्याच्या अभ्यासकांची राज्यसभेवर थेट नियुक्ती होते. बराक ओबामाही कायदा शिकवत शिकवतच राजकारणात गेले, हे डोक्यातून जात नाही. पण घरी आईची जबाबदारी आहे, मुलगा बारावीला आहे, पेन्शन घालवून चालणार नाही. नोकरी कधी सोडू आणि सुरुवात कुठून करू?
— एक प्राध्यापिका, सहकारनगर

उत्तर:

मॅडम, राजीनामा आत्ता लिहू नका, आणि पुढेही ‘राजीनामा’ हा शब्द शक्यतो कागदावर येऊ देऊ नका. तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची आहे आणि सेवा वीस वर्षांच्या पुढे गेली आहे. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती हीच. त्या तारखेनंतर रुजू झालेल्यांना अंशदायी योजना (पगारातून वर्गणी कापून चालणारी पेन्शन) लागू झाली, तुम्ही जुन्या पेन्शनमध्ये आहात. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधल्या नियम ४६ प्रमाणे राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा पेन्शनच्या हिशेबातून जाते. नियम ६६ प्रमाणे वीस वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाल्यावर तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर पेन्शन राहते. दोन्हीचा परिणाम नोकरी सुटणं हाच, पण घराच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक. घाईत, पक्षाच्या फोनवर, चार ओळींचा राजीनामा खरडून देणं ही या वाटेवरची सगळ्यात महागडी चूक आहे.

वीस वर्षं झाली असं आपण कॅलेंडर बघून म्हणतो, कार्यालय सेवापुस्तक बघून म्हणतं. खाजगी कारणासाठी घेतलेली बिनपगारी रजा अर्हताकारी सेवेतून वजा होऊ शकते. नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता उशिरा मिळाली असेल, तर आधीच्या काळाचा प्रश्न निघतो. सुरुवातीची एक-दोन वर्षं तासिका तत्त्वावर असतील, तर ती धरली जातीलच असं नाही. म्हणून पहिलं काम: सेवापुस्तकाची पडताळणी करून मागा, आणि अर्हताकारी सेवा किती झाली हे कार्यालयाकडून लेखी घ्या. उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात फाइल किती दिवस बसते हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर हे काम काढून उपयोग नाही. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापासून उलटं मोजा: तीन महिने नोटीस, त्याआधी किमान दोन-तीन महिने पडताळणी.

वेळेवर मोकळं होणं किती नाजूक असतं, हे २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. ऋतुजा लटके मुंबई महापालिकेत नोकरीला होत्या. त्यांचा पहिला राजीनामा सशर्त होता म्हणून तो नियमात बसला नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी नव्याने राजीनामा दिला, तरी तो स्वीकारला जाईना. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबरला आदेश दिला आणि दुसऱ्या दिवशी, अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी, त्यांना पत्र मिळालं. त्यांच्या मागे पूर्ण पक्ष आणि वकिलांची फौज होती. ‘उमेदवारी मिळाली तर’ अशी अट घातलेला कागद तुम्हीही कधी देऊ नका, आणि ‘आम्ही वरून सांगून एका दिवसात करून देतो’ या आश्वासनावर विसंबू नका.

आता नोकरीत राहून किती करता येतं? इथे दोन प्रश्नांची नेहमी सरमिसळ होते. अपात्रतेचा प्रश्न वेगळा आणि सेवाशर्तीचा वेगळा. शासकीय महाविद्यालयातल्या शिक्षकाला राजकारण वर्ज्य आहे, तिथे चर्चाच नाही. तुम्ही अनुदानित खाजगी संस्थेत आहात, तुमची नेमणूक आणि बडतर्फी संस्थेच्या हाती आहे. अनुच्छेद १९१ मधलं ‘लाभाचं पद’, म्हणजे आमदारकीला अपात्र ठरवणारं शासनाखालचं पद, ठरवताना न्यायालयं नेमणूक कोण करतं, काढतं कोण, काम कोणाच्या ताब्यात आहे हे सगळं तपासतात. पगार शासनाच्या तिजोरीतून येतो एवढ्यावर निकाल लागत नाही. त्यामुळे अनुदानित प्राध्यापिका म्हणून तुमचा अर्ज बाद होईलच असं नाही. पण विद्यापीठाचे परिनियम, संस्थेचे सेवानियम आणि तुमचं नेमणूकपत्र यांत पूर्वपरवानगी किंवा रजेची अट असू शकते. ती मोडली तर निवडणूक लढवता येईल आणि मागे विभागीय चौकशीही लागेल. तेव्हा पक्षाचं कोणतंही पद घेण्याआधी प्राचार्यांमार्फत संस्थेला पत्र द्या: मला अमुक पक्षाचं प्राथमिक सदस्यत्व घ्यायचं आहे, सेवानियमांतील कोणत्या कलमाखाली परवानगी लागते ते कळवावं. पत्र आवक क्रमांक टाकून घ्या. तोंडी ‘हरकत नाही’ याला काही किंमत नाही, कारण संस्थेचे पदाधिकारी बदलतात आणि शहरातलं राजकारणही.

दुसरी नेहमी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे निवडणूक कर्तव्य. अनुदानित महाविद्यालयातल्या शिक्षकांना केंद्राध्यक्ष किंवा मतदान अधिकारी म्हणून बोलावणं येतं. पक्षाचं काम सुरू केल्यावर असा आदेश आला, तर लगेच निवडणूक अधिकाऱ्यांना लेखी कळवून सूट मागा. गप्प बसून केंद्रावर गेलात आणि कोणी तुमचा सभेतला फोटो पुढे केला, तर त्या केंद्राचं मतदानच वादात सापडतं.

तुमच्याकडची बाकीची मानधनाची कामंही एका कागदावर मांडा. शासनाच्या एखाद्या आयोगावर, वैधानिक समितीवर, वकील पॅनेलवर नाव आहे का? लाभाच्या पदाच्या अपात्रतेतून आमदारांना सूट देणाऱ्या राज्याच्या कायद्यातली यादी वेगळी, आणि खासदारांसाठी १९५९ च्या केंद्रीय कायद्यातली यादी वेगळी. एका सभागृहासाठी चालणारं पद दुसऱ्यासाठी अडचणीचं ठरू शकतं. शंका असलेलं प्रत्येक पद छाननीच्या तारखेआधी सोडलेलं आणि ते स्वीकारल्याचं पत्र हातात असलेलं बरं.

उत्पन्नाचं काय? पूर्णवेळ पगारी शिक्षिका म्हणून तुम्ही वकिलीची सनद निलंबित ठेवली असेल. निवृत्तीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे ती पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करता येतो. आमदार-खासदारांना वकिली करण्यापासून रोखणारा नियम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. वकिलाला रोज तीन तासांपर्यंत अर्धवेळ कायदा शिकवताही येतो. म्हणजे पेन्शन, थोडी वकिली, थोडे तास अशी जुळणी होऊ शकते. निवडून न येता दोन-तीन वर्षं गेली तरी घर चालेल असा हिशेब आधी मांडा आणि मुलाचं बारावीनंतरचं शिक्षण त्यात धरा. पक्ष निवडणुकीचा खर्च कदाचित उचलेल, घरखर्च उचलत नाही.

वाट कोणती, यात सर्वात आधी राज्यसभेचा विषय संपवू. अनुच्छेद ८० खाली राष्ट्रपतींनी नियुक्त करायचे १२ सदस्य साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतले असतात. त्यात कायद्याचं नाव नाही. ॲड. उज्ज्वल निकम यांची २०२५ मध्ये नियुक्ती झाली, पण त्याआधी देशभर गाजलेल्या खटल्यांची दशकं होती आणि २०२४ मध्ये मुंबई उत्तर मध्य मतदारसंघात लोकसभेचा पराभवही. विधान परिषदेत राज्यपालनियुक्त १२ जागा आहेत, तिथे सहकाराची भर पडते. या जागा मंत्रिमंडळाच्या शिफारशीने भरल्या जातात. तयारी करून मिळवण्याची ही गोष्ट नाही, तेव्हा तिच्यामागे एक दिवसही घालवू नका.

आमच्या मते तुमच्यासाठी खरी वाट पुणे विभाग पदवीधर मतदारसंघाची आहे. ७८ जणांच्या विधान परिषदेत पदवीधरांच्या ७ आणि शिक्षकांच्या ७ जागा आहेत. प्रकाश जावडेकर १९९० ते २००२ या काळात याच पदवीधर मतदारसंघाचे आमदार होते, पुढे केंद्रीय मंत्री झाले. चंद्रकांत पाटील २००८ आणि २०१४ मध्ये इथूनच निवडून आले आणि मग विधानसभेसाठी कोथरूडला गेले. राज्यातून देशपातळीवर जाण्याचा हा पुण्यातला चाललेला रस्ता आहे. शिक्षक मतदारसंघ तुम्हाला जवळचा वाटेल, पण तिथला मोठा मतदार माध्यमिक शाळांमधला आहे आणि तिथलं राजकारण अनुदानाचे टप्पे, शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली) आणि मान्यतांभोवती फिरतं. त्या प्रश्नांवर आयुष्य घालवलेली माणसं तिथे आधीच उभी आहेत.

पदवीधर मतदारसंघाबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाका. नाव पुण्याचं असलं तरी त्यात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. २०२० मध्ये निवडून आलेले अरुण लाड सांगली जिल्ह्यातले, आणि त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी संग्राम देशमुखही त्याच जिल्ह्यातले. डेक्कन-कोथरूडच्या सभागृहांत व्याख्यानं देऊन ही जागा मिळत नाही.

आणि इथली मतदार यादी आयती नसते. विधानसभेच्या यादीत नाव असलेला पदवीधर आपोआप या यादीत येत नाही, आणि मागच्या निवडणुकीतली यादी पुढे चालत नाही. प्रत्येक वेळी नव्याने नोंदणी होते. निवडणुकीच्या आधीची १ नोव्हेंबर ही पात्रता तारीख, आणि त्या तारखेच्या किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली हवी. अर्ज नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. सोबत पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. गठ्ठ्याने आणून दिलेले अर्ज घेत नाहीत. एकाच घरातली माणसं एकमेकांचे देऊ शकतात आणि संस्थाप्रमुख आपल्या कर्मचाऱ्यांचे एकत्र पाठवू शकतात, पक्ष कार्यकर्त्याने पाचशे अर्ज टेबलावर ठेवले तर ते परत येतात. अर्ज बाद होण्याची कारणं साधी असतात: साक्षांकन नाही, लग्नानंतर बदललेल्या नावाचा पुरावा जोडलेला नाही, पत्ता जुना. तुमच्या दोन दशकांच्या माजी विद्यार्थ्यांपैकी पाच जिल्ह्यांतल्या तालुका न्यायालयांत आज किती जण वकिली करत असतील! बारामती, कराड, पंढरपूर, विटा, इचलकरंजी इथे प्रत्येकी दोन माणसं उभी राहिली, कागद तपासून अर्ज करवून घेणारी, तर ते तुमचं पहिलं खरं राजकीय भांडवल. प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीवर दावे-हरकतींचा काळ असतो. त्या दिवसांत नाव-नाव तपासायला कायद्याच्या माणसाइतकं योग्य कोणी नाही.

मतदानही वेगळं. यंत्र नाही, मतपत्रिका. पसंतीक्रम आकड्यात लिहायचा, तोही केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच. ‘१’ लिहिलाच नाही, दोघांपुढे ‘१’ लिहिला, बरोबरची खूण केली, ‘एक’ असं अक्षरात लिहिलं, सही केली की मत बाद. शिकलेल्या मतदारांची मतंही अशी वाया जातात, म्हणून प्रचाराचा शेवटचा आठवडा फक्त हे समजावण्यात गेला तरी चालेल. एकाच जागेसाठी जिंकायला लागणारा कोटा म्हणजे वैध मतांची निम्मी संख्या अधिक एक. पहिल्या फेरीत तो कोणी गाठला नाही तर खालच्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाते. तेव्हा दुसऱ्याला पहिली पसंती देणाऱ्याशीही भांडू नका, त्याच्याकडे दुसरी मागा. या निवडणुकीला खर्चाची कायदेशीर मर्यादा नाही, ही तुमच्यासारखीच्या विरोधात जाणारी बाजू आहे. तिला उत्तर एकच, स्वतः नोंदवलेला मतदार.

सध्याच्या जागेची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. या फेरीत स्वतः उभं राहण्याचा हट्ट धरू नका. नोंदणी आणि प्रचार कोणासाठी तरी करा, पाच जिल्हे पायाखालून घाला. मोजणीच्या टेबलावर बसा.

विधानसभेचं आमिष दाखवणाऱ्या पदाधिकाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारा: कोणता मतदारसंघ? सहकारनगर पर्वतीत येतं. महाराष्ट्रातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की राज्यात कुठूनही लढता येतं, फक्त बाहेरून लढताना आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. उत्तर मोघम आलं तर समजा, तुमचं नाव इच्छुकांच्या यादीत भर म्हणून हवं आहे. मतदारसंघाचं नाव आलं, तर तिथल्या बूथनिहाय याद्या मागा. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार, आणि प्रत्येक केंद्रावर दिवसभर बसणारा, शेवटी नमुना १७-क ची, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेऊनच उठणारा प्रतिनिधी लागतो. पक्षाकडे किती केंद्रांवर अशी माणसं आहेत हे सांगता आलं नाही, तर उमेदवारी मिळूनही तुम्ही एकट्याच असाल.

निवडणूक कायदा तुम्ही शिकवता, तरी अर्जाच्या टेबलावर बुद्धिमान माणसं हरतात म्हणून थोडं लिहितो. एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाच्या अधिकृत उमेदवार असल्याचा कागद, अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पोचला पाहिजे, त्यावर शाईची सही हवी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. एबी फॉर्म ऐनवेळी दुसऱ्याच्या हातात गेला आणि तुमच्या अर्जावर एकच सूचक असेल, तर अपक्ष म्हणूनही तुम्ही उरत नाही. चार अर्जांपर्यंत भरता येतात. त्यातला एक त्याच मतदारसंघातल्या दहा सूचकांच्या सह्यांचा ठेवा. शपथपत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, एकही रकाना कोरा नको, जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर कोरा रकाना हे अर्ज फेटाळण्याचं कारण ठरू शकतं. शपथ अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाआधी घ्यायची. अनामत १० हजार, लोकसभेला २५ हजार.

खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख आहे. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत १० हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही, आणि मंडपवाला, रिक्षावाला, वडापाववाला सगळे रोखच मागतात. हिशेबाला पहिल्या दिवसापासून एक स्वतंत्र माणूस बसवा. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते, आणि हरलेले उमेदवार नेमकं हेच विसरतात.

ओबामांचं उदाहरण घ्यायचं तर पूर्ण घ्या. १९९२ ते २००४ ते शिकागो विद्यापीठाच्या विधी विद्यालयात शिकवत होते, पण पूर्णवेळ कायम प्राध्यापक म्हणून नाही, आणि ती मोकळीक त्यांनी जाणीवपूर्वक ठेवली. १९९२ मध्येच त्यांनी इलिनॉयमध्ये मतदार नोंदणीची मोठी मोहीम चालवली. १९९६ मध्ये राज्य सिनेटसाठी उभे राहिले तेव्हा प्रतिस्पर्ध्यांच्या अर्जांवरच्या सह्यांना हरकती घेऊन त्यांचे अर्ज बाद करवले. २००० मध्ये बॉबी रश यांच्याविरुद्ध पक्षांतर्गत निवडणुकीत ते मोठ्या फरकाने हरले आणि पुन्हा वर्गात गेले. राष्ट्रीय सिनेट २००४ मध्ये आलं. आपल्याकडे डॉ. आंबेडकर १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ मध्ये निवडून आले. आजचे सेवानियम तेवढी मुभा देत नाहीत, म्हणूनच वरचा सगळा हिशेब.

शिकवत असाल तोवर वर्ग आणि पक्ष यांत भिंत ठेवा. महाविद्यालयाकडचे विद्यार्थ्यांचे फोन नंबर प्रचाराला वापरू नका, ते तुमचे नाहीत. ज्यांचे अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत त्यांना सदस्य करून घेऊ नका. माजी विद्यार्थ्याला मोकळेपणाने नाही म्हणता येतं, आजच्या विद्यार्थिनीला येत नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो तुम्हालाच सगळ्यात जास्त टोचेल. संविधानाच्या दहाव्या अनुसूचीवर, म्हणजे पक्षांतरबंदीवर, वर्गात तुम्ही टीका केली असेल. सभागृहात पक्षादेश तुमच्यावरही लागेल, आणि वाईट विधेयकाच्या बाजूने हात वर करण्याची वेळ येईल. असहमती मांडण्याच्या जागा मतदानाच्या आधी असतात: पक्षाची बैठक, विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तर समितीतली भिन्नमतपत्रिका, दुरुस्ती सूचना. आत्तापासूनच तो सराव करा. राज्याचं विधेयक समितीकडे जाऊन सूचना मागवल्या जातात, तेव्हा कलमवार, पर्यायी मसुद्यासह निवेदन पाठवा आणि तेच पक्षाच्या विधी विभागाला द्या. तुमचा मसुदा ते वाचतात का, त्यावर वाद घालतात का, की नुसतं ‘छान मॅडम’ म्हणून फाइलला लावतात, यावरून या पक्षात जायचं की नाही हे वर्षभरात कळेल. तोवर सदस्यत्वाचा अर्ज भरू नका. सेवापुस्तकाचा अर्ज मात्र येत्या सोमवारी द्या.